जुन्या मोटारसायकलीचा वेगमापक

जुन्या मोटारसायकलीचे इंजिन धडधाकट असते, ब्रेकचे पट्टे नवे घातलेले असतात, टाकीला रंगही पुन्हा दिलेला असतो; पण हँडलाच्या मधोमध बसविलेल्या तबकडीकडे पाहावे, तर काटा एक तर शून्यावर निपचित पडलेला असतो, किंवा पंचेचाळिसाच्या आकड्यापाशी रेंगाळत असतो आणि मागे पडणाऱ्या वाहनांवरून स्पष्ट दिसते की, गाडी त्याहून पुष्कळ वेगाने धावत आहे. अनेक मालक ह्याकडे दुर्लक्ष करतात. वेग आम्हांस इंजिनाच्या आवाजावरून कळतो, असे त्यांचे म्हणणे असते. हे म्हणणे फारसे टिकणारे नाही. मोकळ्या रस्त्यावर काही काळ जोरात गेल्यावर डोळे व कान त्या वेगाला सरावतात, आणि गावाच्या वेशीपाशी वेग थोडासा कमी केला तरी गाडी अगदी सावकाश चालली आहे, असा भास होतो. नेमक्या ह्याच वेळी काट्याची गरज असते.

काटा ताशी ४५ किलोमीटर दाखवीत असताना खरा वेग ६० असेल, तर फरक पंधराचाच दिसतो. परंतु ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंत कापले जाणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४५ चा वर्ग २०२५ व ६० चा वर्ग ३६००. म्हणजे स्वाराने मनात धरलेल्या अंतरापेक्षा पावणेदोन पटींहून अधिक अंतर गाडीला लागेल. मागे पडलेला काटा म्हणूनच पुढे गेलेल्या काट्यापेक्षा अधिक धोक्याचा होय. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ३९ क्रमांकाच्या विनियमातही हेच तत्त्व दिसते. काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये, अधिक दाखविल्यास ते एका मर्यादेपर्यंत चालेल, असा त्याचा आशय आहे. त्यामुळे चांगल्या स्थितीतील वेगमापकही बहुधा दोन-चार किलोमीटर पुढेच असतो. तो दोष समजून दुरुस्त करू जाणे शहाणपणाचे नव्हे.

दुरुस्तीकडे वळण्यापूर्वी हे यंत्र चालते कसे, ते पाहिले पाहिजे. कारण ते समजले की, बिघाड कोठे आहे हे यंत्र न उघडताच बहुतेक वेळा सांगता येते. १८२४ साली फ्रेंच शास्त्रज्ञ आरागो ह्यांच्या असे लक्षात आले की, तांब्याची चकती फिरविली असता तिच्यावर टांगलेली चुंबकसूची चकतीबरोबर ओढली जाते. तांबे चुंबकाला चिकटत नाही, मग ही ओढ कसली? ह्या कोड्याचा उलगडा १८३१ साली मायकेल फॅरडे ह्यांनी केला. चुंबक आणि धातू ह्यांपैकी एक दुसऱ्याच्या सापेक्ष फिरू लागला की, धातूमध्ये विजेचे प्रवाह उत्पन्न होतात. पाण्यातील भोवऱ्याप्रमाणे ते धातूतच गोलगोल फिरतात, म्हणून त्यांना आवर्त प्रवाह म्हणतात. ह्या प्रवाहांचे स्वतःचे चुंबकत्व मूळ चुंबकाच्या गतीला विरोध करते, आणि त्यामुळे धातूची वस्तू चुंबकामागे ओढली जाते. गती जितकी अधिक, तितके प्रवाह मोठे व तितकी ओढ जास्त. १९०२ साली जर्मनीत ओटो शुल्त्से ह्यांनी ह्याच तत्त्वावरील वेगमापकाचे एकस्व घेतले, आणि मोटारसायकलींच्या कित्येक पिढ्या त्यावर चालल्या.

शाळेत हा प्रयोग करून पाहणे सोपे आहे. अ‍ॅल्युमिनियमचे एक हलके झाकण मध्यावर दोऱ्याने आडवे टांगावे. चुंबक त्याला चिकटत नाही, ही खात्री आधी करून घ्यावी. मग झाकणाच्या खाली, त्याला स्पर्श होऊ न देता, एक बळकट चुंबक गोल फिरवावा. क्षणभराने झाकण सावकाश वळू लागते. दोऱ्याला पीळ बसत जातो आणि तो पीळ झाकणाला मागे खेचतो. वेगमापकात ह्याहून निराळे काही नाही.

मोटारसायकलीच्या चाकाच्या तुंब्यात एक लहानशी दातेरी पेटी असते. काही गाड्यांत ती पुढच्या चाकात, काहींत मागच्या चाकात, तर काहींत गिअरबॉक्समध्ये असते. तिच्यापासून एक लवचिक केबल निघून तबकडीपर्यंत जाते. बाहेरचे आवरण स्थिर राहते आणि आतला पोलादी तारांचा पिळलेला दोर फिरतो. दोराचे वरचे चौकोनी टोक तबकडीमागील आसाच्या भोकात बसते, व त्या आसावरील कायम चुंबक गरगर फिरू लागतो. चुंबकाभोवती अ‍ॅल्युमिनियमची पातळ वाटी असते. ती त्याला कोठेही टेकलेली नसते. काटा ह्या वाटीच्या दांड्यावर बसविलेला असतो. चुंबक वाटीला आपल्याबरोबर फिरवू पाहतो, आणि केसासारखी बारीक सर्पिल स्प्रिंग तिला अडवून धरते. मिस्त्री लोक हिला हेअरस्प्रिंग म्हणतात. दोन्ही ओढी समान झाल्या की वाटी थांबते, आणि ती जेथे थांबते तेथे वेगाचा आकडा लिहिलेला असतो.

ह्याच तबकडीत किलोमीटर मोजणारी आकड्यांची चाकेही असतात. ती मात्र चुंबकावर मुळीच अवलंबून नसतात. त्याच आसावरील वर्मने, म्हणजे पेचदार दात्याने, ती प्रत्यक्ष दात्यांच्या योगे फिरविली जातात. स्प्रिंग सैल होवो की चुंबक क्षीण होवो, दाते मोजण्यात चूक करीत नाहीत. एका केबलीवर चालणारी ही दोन यंत्रे दोन साक्षीदारांप्रमाणे आहेत. त्यांची साक्ष ताडून पाहिली म्हणजे गुन्हेगार सापडतो.

काटा व आकडे दोन्ही बंद पडले असतील, तर केबल तुटली आहे, तिचे चौकोनी टोक झिजून गोल झाले आहे, किंवा चाकातील पेटीचे दाते गेले आहेत. आकडे बरोबर चालत आहेत व काटा मात्र मेला आहे किंवा चुकतो आहे, असे असेल तर केबलीला हात लावण्याचे कारण नाही. दोष तबकडीच्या पोटात आहे. आणि काटा व आकडे दोन्ही एकाच प्रमाणात चुकत असतील, म्हणजे दहा किलोमीटर जाऊन आकडे सातच पुढे सरकले आणि साठच्या वेगाला काटा बेचाळीस दाखवू लागला, तर कोणताच भाग बिघडलेला नाही. एका गाडीचे मीटर दुसऱ्या गाडीला बसविले गेले आहे, किंवा चाक, टायर वा दातेरी पेटी बदललेली आहे.

ही परीक्षा रस्त्यावर करावी लागते. किलोमीटरच्या दगडांच्या आधारे दहा किलोमीटरचे अंतर निवडावे आणि तेवढ्यात आकडे किती सरकतात ते पाहावे. जेथे वळणरस्ता नव्याने काढला आहे तेथील दगडांवर फार विश्वास ठेवू नये. वेगासाठी सरळ, सपाट व रहदारी नसलेला रस्ता हवा. काटा एका आकड्यावर स्थिर ठेवून एक किलोमीटर जाण्यास किती सेकंद लागतात ते मागे बसलेल्या सोबत्याने मोजावे. ३६०० ला त्या सेकंदांनी भागले की ताशी वेग मिळतो. काटा ४० वर असताना ७२ सेकंद लागले, तर खरा वेग ५० आहे. आता खिशातील फोन उपग्रहांच्या साहाय्याने वेग दाखवितो, आणि स्थिर गतीने सरळ जात असताना तो जुन्या वेगमापकापेक्षा पुष्कळच विश्वसनीय असतो. परंतु फोनकडे पाहण्याचे काम सोबत्याचेच; स्वाराने ते करू नये. एवढे करून भागत नाही. तीच परीक्षा निदान दोन निरनिराळ्या वेगांवर केली पाहिजे, त्याचे कारण पुढे येईल.

प्रथम केबलीकडे वळू, कारण निम्म्याहून अधिक तक्रारी तेथेच मिटतात असे माझे मत आहे. काटा थरथरतो, झोके घेतो, मंद गतीत अडखळून मग एकदम उसळी मारतो, ही केबलीच्या दुखण्याची लक्षणे होत. आतल्या दोराला कोठे तरी पीळ पडलेला असतो किंवा जुने ग्रीस वाळून डिंकासारखे झालेले असते. दोर त्या ठिकाणी अडतो, पीळ साठवितो आणि मग एकाएकी सोडतो. वरचा व खालचा खरबरीत नट सोडून केबल काढावी, आतला दोर ओढून बाहेर घ्यावा, रॉकेलमध्ये धुवावा व फडक्याने कोरडा करावा. मग तो सपाट मेजावर ठेवून तळव्याने हळूहळू लोळवावा. सरळ दोर शांतपणे लोळतो. मुरगळलेल्या दोराचे टोक उड्या मारते. असा दोर हाताने सरळ करण्याच्या खटपटीत पडू नये, बदलावा. तुटलेली एखादी तार बोटाला टोचली तरी निर्णय तोच. चांगल्या दोराला ग्रीसचा पातळ हात द्यावा, तोही खालच्या दोन-तृतीयांश भागालाच. वरचा तिसरा हिस्सा जवळजवळ कोरडा ठेवावा. फिरणारा दोर ग्रीसला वर चढवितो, आणि ते तबकडीत शिरले की चुंबक व वाटी ह्यांच्यामधील अरुंद फटीत जाऊन बसते. मग वाटीला चुंबकाची ओढ कमी व ग्रीसची ओढ अधिक लागते. काटा भलताच वर जातो, आणि गाडी उभी राहिली तरी खाली येत नाही. ग्रीस जितके जास्त तितके चांगले, हा समज येथे तरी यंत्राच्या मुळावर येतो. केबल पुन्हा बसविताना तिला कोठेही आकस्मिक वळण देऊ नये, आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ती ताणली जात नाही, हे पाहावे.

आता मीटर व गाडी ह्यांच्या जुळणीचा प्रश्न. हा भाग गणिताचा आहे व मला तो सर्वांत मनोरंजक वाटतो. एक मैल जाण्यात केबलीचे किती फेरे व्हावेत हे प्रत्येक मीटरच्या रचनेतच ठरलेले असते. इंग्रजी बनावटीच्या स्मिथ्स मीटरांत १६०० हा आकडा पुष्कळदा आढळतो. तो कोठून आला? १९ इंची रिमवर सव्वातीन इंची टायर घातला, तर चाकाचा व्यास साडेपंचवीस इंच, म्हणजे सुमारे ६४८ मिलिमीटर होतो, व परीघ २ मीटर ३ सेंटिमीटर. स्वाराच्या वजनाने टायर थोडा दबतो, म्हणून एका फेऱ्यात गाडी जवळजवळ दोन मीटर जाते. मैलात १६०९ मीटर. म्हणजे चाकाचे सुमारे ८०० फेरे. पेटीचे दाते चाकाच्या एका फेऱ्याला केबलीचे दोन फेरे देतील असे असले, की १६०० चा हिशेब पुरा होतो. दुसऱ्या शब्दांत, केबल दर मीटरला जवळजवळ एक फेरा घेते. जर्मन बनावटीच्या अनेक तबकड्यांवर दर मीटरमागील फेऱ्यांचा आकडाच दशांशात छापलेला असतो, आणि ही पद्धत मला अधिक सरळ वाटते.

ह्याच मापाची चाके १९५५ सालापासून मद्रासेत बनू लागलेल्या बुलेट मोटारसायकलीलाही होती. अशा गाडीला कोणी बाजारातून १८ इंची पुढचे चाक आणून बसविले, तर परीघ सुमारे चार टक्क्यांनी घटतो. चाक तितके अधिक फेरे घेते आणि केबल पुढच्या चाकातून निघत असेल तर काटा चार टक्के पुढे जातो. टायर पाच मिलिमीटर झिजला, तर दीड टक्क्याचा फरक पडतो. हे फरक सोसण्यासारखे आहेत. परंतु मैलाला १००० फेरे देणाऱ्या गाडीवर १६०० फेऱ्यांचे मीटर चढविले, तर ६० च्या वेगाला काटा साडेसदतीसच दाखवील. जुन्या बाजारात काचा चकचकीत असलेली मीटरे मिळतात, ती ह्या आकड्याची चौकशी न करताच घेतली जातात, आणि पुढे काटा मागे पडतो म्हणून बिचाऱ्या स्प्रिंगला दोष दिला जातो. गिअरबॉक्समधून केबल निघणाऱ्या गाड्यांत साखळीचे दातेरी चक्र बदलले तरी असाच घोटाळा होतो.

आपल्या गाडीचा आकडा शोधण्यास यंत्रशाळा लागत नाही. केबल मीटरपासून सोडवून तिच्या वरच्या टोकाला पुठ्ठ्याचा बाण लावावा. टायरवर व त्याखालील जमिनीवर खडूची खूण करावी. एकाने गाडीवर बसावे, दुसऱ्याने ती सरळ ढकलावी. चाकाचे दहा फेरे होईपर्यंत बाणाचे फेरे मोजावे आणि कापलेले अंतर टेपने मापावे. समजा, अंतर १९ मीटर ९० सेंटिमीटर भरले व बाण वीस वेळा फिरला. तर किलोमीटरला सुमारे १००५ फेरे, म्हणजे मैलाला सुमारे १६१७ होतात. १६०० च्या मीटरला ही गाडी योग्य आहे. जुळणी होत नसेल तर योग्य मीटर मिळवावे, नाहीतर दात्यांचे प्रमाण बदलणारी लहान पेटी केबलीच्या वाटेत बसवावी.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली गेली आणि पुढील वर्षांत रस्त्यांवरील मैल जाऊन किलोमीटर आले. पण त्यापूर्वीच्या गाड्यांच्या तबकड्यांवर मैलच राहिले. अशा गाडीवर काटा ४० वर असता वेग ताशी ६४ किलोमीटर असतो. मर्यादेच्या पाटीवर ४० लिहिलेले पाहून जो स्वार काट्याशी मेळ घालील, त्याचे मीटर बिनचूक असूनही तो चुकेल. काचेवर ४० किलोमीटरच्या जागी, म्हणजे २५ मैलांपाशी, तांबड्या रंगाची बारीक रेघ ओढणे हा साधा उपाय आहे.

राहिला तबकडीच्या पोटातील दोष. दोन वेगांवर परीक्षा करण्यास वर सांगितले, त्याचे कारण हे की, दोष दोन जातींचे असतात. खऱ्या ३० ला काटा २४ व ६० ला ४८ दाखवितो, म्हणजे चूक वेगाच्या प्रमाणात वाढते. अशा वेळी चुंबकावर संशय घ्यावा. ३० ला २५ व ६० ला ५५ दाखवितो, म्हणजे चूक सर्वत्र सारखीच. तर काटाच दांड्यावर सरकून बसला आहे किंवा स्प्रिंगचे टोक हलले आहे. दुसरा दोष लहान व सुधारण्यास सोपा. पहिल्याचे तसे नाही. वाटीवरील ओढ चुंबकाच्या बळाच्या वर्गाप्रमाणे बदलते. कारण बळ घटले की आवर्त प्रवाहही घटतो व त्या प्रवाहावर चालणारा जोरही घटतो. त्यामुळे चुंबक पाच टक्के क्षीण झाला, तर काटा सुमारे दहा टक्के मागे पडतो. वर्षानुवर्षांचे हादरे व उष्णता ह्यांनी चुंबक मंदावतो. आणि अल्निको जातीचा चुंबक त्याच्या लोखंडी कड्यातून उगाच बाहेर काढून ठेवल्यानेही मंदावतो. हे न जाणणाऱ्या मिस्त्रीच्या हातून सफाईच्या भरात मीटर अधिकच बिघडते. कारखान्यात चुंबक आधी पूर्ण भरतात आणि मग काटा योग्य जागी येईपर्यंत त्याचे बळ थोडे थोडे उतरवितात. हे काम उपकरणांच्या दुरुस्तीचे दुकान असलेल्या जाणकाराकडेच द्यावे. स्प्रिंग सैल करून काटा पुढे ओढण्याची युक्ती काही ठिकाणी चालते; तिने एका वेगावर काटा बरोबर येतो व इतर सर्व वेगांवर चुकतो.

उष्णतेचा एक परिणाम मात्र दोष नव्हे, निसर्गनियम आहे. अ‍ॅल्युमिनियमचा विद्युत्‌रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. हिवाळ्यातील १५ अंशांच्या सकाळी बरोबर असलेला काटा ४५ अंशांच्या दुपारी एक-दशांशाहून थोडा अधिक मागे पडावा, असा हिशेब निघतो. हे टाळण्यासाठी चुंबकापाशी निकेल व लोह ह्यांच्या खास मिश्रधातूचा तुकडा बसवितात. थंडीत तो चुंबकाचे काही बळ आपल्याकडे वळवितो, उष्णतेत ती शक्ती गमावतो व सारे बळ वाटीकडे जाऊ देतो. हा बारका तुकडा निरुपयोगी समजून कोणी काढून टाकू नये.

घरी करण्याजोगे काम एवढेच: दुमडलेली कडा सगळीकडून थोडी थोडी उचलून काच काढावी, आत आलेले ग्रीस कापसाने टिपावे, आणि आसाच्या बुशाला घड्याळाच्या तेलाचा एकच थेंब सुईच्या टोकाने द्यावा. वाटीला, चुंबकाला व स्प्रिंगला तेल लागता कामा नये. मात्र १९६० पूर्वीच्या व त्या सुमाराच्या, अंधारात चमकण्यासाठी रंगविलेल्या तबकड्या मुळीच उघडू नयेत. त्या रंगात रेडियम असण्याचा संभव असतो. चमक केव्हाच गेलेली असली तरी रेडियमचा किरणोत्सर्ग शेकडो वर्षे टिकतो, आणि खरवडलेल्या रंगाची धूळ श्वासावाटे आत जाणे घातक आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत असे मीटर आणूच नये.

साठाव्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक इंग्रजी गाड्यांवर स्मिथ्स कंपनीचे क्रोनोमेट्रिक मीटर असे. त्यावर वरील विवेचनातील चुंबकाचा भाग लागू नाही. त्यात चुंबकच नसतो. घड्याळासारखा टिकटिकणारा तोलकाटा काळाचा एक ठराविक तुकडा मोजतो, तेवढ्या अवधीत केबलीचे किती फेरे झाले ते दाते मोजतात, आणि काटा त्या आकड्यावर झटक्यासरशी जाऊन उभा राहतो. असा काटा टप्प्याटप्प्याने सरकताना पाहून तो बिघडला असे समजू नये, ती त्याची रीतच आहे. गंमत अशी की, त्यातील तेल घट्ट होऊन तोलकाटा सुस्तावला, तर मोजणीचा अवधी लांबतो, फेरे अधिक मोजले जातात आणि काटा मागे न पडता पुढे जातो. ह्याची साफसफाई घड्याळजीच्या तोडीच्या हाताने व्हावी.

दुरुस्ती झाल्यावर रस्त्यावरील परीक्षा पुन्हा करावी. ३०, ४५ व ६० च्या खऱ्या वेगांना काटा कोठे उभा राहतो, ते एका कागदावर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवावे. मीटर बदलले असल्यास जुन्या मीटरचे शेवटचे किलोमीटर व नव्याचे पहिले किलोमीटर, तारखेसह, त्याच कागदावर नोंदवावे. गाडी विकताना घेणाऱ्याला तो कागद दाखविता येतो. आणि पुढील वर्षी केबल पुन्हा काढून धुतली, की तीच तारीख त्याखाली लिहावी.